सराव कुणाच्या घरी?

प्राथमिक शाळेतले गणित हा काही आपल्या नेहमीच्या चर्चेचा विषय नव्हे. आपण जातीवर लिहितो, धर्मांधतेवर लिहितो, इथल्या इमिग्रेशनच्या कायद्यांवर लिहितो. पण गेली वीस वर्षे एक गोष्ट मला आत कुठेतरी टोचते आहे आणि तिचा आपल्या पुरोगामी म्हणवून घेण्याशी थेट संबंध आहे. म्हणून आज थोडे विस्ताराने लिहिते. पटले नाही तर जरूर भांडा.

२००४ साली माझी मुलगी न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या पब्लिक स्कूलमध्ये तिसरीत होती. त्या वर्षी शाळेने गणिताचा नवा अभ्यासक्रम घेतला होता. उदाहरणांनी खच्चून भरलेले पुस्तक गेले. त्याच्या जागी ठोकळे, फासे, पट्ट्या आणि चौघाचौघांचे गट आले. एक दिवस मुलीने ४७ अधिक ३८ ही बेरीज आम्हाला करून दाखवली. ४० आणि ३० सत्तर, ७ आणि ८ पंधरा, सत्तर आणि पंधरा पंच्याऐंशी. सासूबाई तेव्हा सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, हातच्याचं काय झालं?" आणि त्यांनी तिथल्या तिथे नातीला 'पंधराचे पाच, हातचा एक' शिकवून टाकले. दुसऱ्या दिवशी वहीला शिक्षिकेची चिठ्ठी जोडलेली होती. कृपा करून घरी रीत शिकवू नका, तिची रीत तिला सापडू द्या, असा तिचा आशय.

खरे सांगायचे तर मला ती चिठ्ठी आवडली होती. माझे गणित छडीखाली झाले. बे ते तीस पाढे आणि पावकी, निमकी उभ्याने म्हणायची, अडले की हात पुढे. वर्गात गावाबाहेरच्या वस्तीतली दोन मुले होती. त्यांचे रोज अडायचे. चौथीनंतर ती दोघेही शाळेत दिसली नाहीत. 'गणित म्हणजे पाठांतर' या कल्पनेबद्दल मला लहानपणापासून राग होता, आणि इथे एक शाळा माझ्या मुलीला विचार करायला सांगत होती. सासूबाईंना मी जरा फणकाऱ्यानेच म्हणाले, "आई, इथली पद्धत वेगळी आहे."

सहा महिन्यांनी लक्षात आले की मुलगी सात आणि आठ अजून बोटांवर मोजते. पद्धत समजली होती, पण हात बसला नव्हता. मग आम्ही काय केले? जे आमच्या ओळखीतल्या बहुतेक भारतीय, चिनी आणि कोरियन घरांनी केले तेच. शनिवारी सकाळी तिला एका खाजगी क्लासला घातले. महिना नव्वद डॉलर. तिथे ठोकळे नव्हते, गट नव्हते. वर्कशीट होत्या, घड्याळ होते, आणि रोज घरी करायची दोन पाने होती. वर्षभरात तिचा हात बसला. शाळेत समज आणि शनिवारी सराव, असे तिचे दोन्ही छान जमले.

एका सभेत

२००५ च्या शरदात शाळेत पालकांची सभा झाली. सुपरिंटेंडंटनी पडद्यावर आलेख दाखवले. राज्याच्या परीक्षेत आमच्या शाळेचे गणिताचे निकाल चांगले आले होते आणि त्याचे श्रेय नव्या अभ्यासक्रमाला देण्यात आले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

मग माझ्या मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. इक्वेडोरहून आलेल्या, वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करण्याचे काम करणाऱ्या. त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारले, "माझा मुलगा चौथीत आहे. तो अजून बोटांवर मोजतो. मी घरी काय करू?" त्यांना उत्तर मिळाले की काळजी करू नका, प्रत्येक मूल आपल्या वेळेने आपली रीत शोधते. बाई "थँक यू" म्हणून खाली बसल्या.

त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर मला माहीत होते. मी त्यासाठी महिन्याला नव्वद डॉलर मोजत होते. पडद्यावरच्या त्या आलेखात किती मुलांचे शनिवार दडलेले आहेत, हे त्या खोलीतल्या निम्म्या पालकांना माहीत होते. पण कुणी बोलले नाही. मीही नाही. मला वाटले, बोलले तर मी पाठांतरवाल्यांच्या गोटात जाईन.

त्या गप्प बसण्याबद्दल हा लेख आहे.

ज्ञानरचनावाद म्हणतो काय?

ज्याला आपल्याकडे आता ज्ञानरचनावाद म्हणतात त्याचे मूळ सांगणे फार सोपे आहे. ज्ञान मुलाच्या डोक्यात ओतता येत नाही, मूल ते स्वतः रचते. जाँ पियाजे यांनी आयुष्यभर मुलांचे निरीक्षण करून हे मांडले. लेव्ह व्हायगॉट्स्की यांनी त्यात भर घातली की ही रचना एकट्याने होत नाही. मुलाला आज एकट्याने जे जमत नाही ते जाणत्याच्या मदतीने जमते, आणि उद्या मग एकट्याने जमते.

हे खरे आहे, आणि त्याचा पुरावा हवा असेल तर मुलांच्या चुका बघा. ४२ वजा १७ हे उदाहरण घ्या. जगभरातली मुले याचे उत्तर ३५ काढतात. का? चारातून एक गेला, तीन. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले, पाच. 'मोठ्यातून लहान काढायचे' हा नियम त्यांना कोणत्याही गुरुजींनी शिकवलेला नसतो. तो त्यांनी स्वतः रचलेला असतो! छडी घेऊन घोकून घेणाऱ्या वर्गातही मुले रचना करतच असतात, फक्त ती चुकीची होते आणि कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून काड्यांचे गठ्ठे हातात देऊन, एक दशक सोडवून त्याचे दहा सुटे करून दाखवणारा शिक्षक मुलावर मोठे उपकार करतो. ही ज्ञानरचनावादाची देणगी आहे आणि ती मला कुणी परत करायला सांगितली तर मी करणार नाही.

गफलत होते ती पुढच्या पायरीवर. मूल ज्ञान रचते हे 'शिकणे कसे होते' याचे वर्णन आहे. त्यावरून शिक्षकाने सांगू नये, रीत दाखवू नये, सराव घेऊ नये, असा निष्कर्ष काढता येत नाही. मूल भाषाही रचतच शिकते, पण त्यासाठी आपण त्याच्यासमोर बोलणे बंद करत नाही.

पियाजे यांच्याकडे शिकलेल्या कॉन्स्टन्स कामी यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत अंकगणित मुलांनी पुन्हा नव्याने शोधावे असे मांडले आणि हातचा वगैरे ठरीव रीती लहान वयात शिकवणे घातकच आहे असे आग्रहाने सांगितले. १९८९ साली इथल्या गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने नवी मानके काढली. त्यांत हाताळायच्या वस्तू, गटकार्य, कॅल्क्युलेटर यांवर भर वाढवा आणि घोकंपट्टी, कागदावरचे लांबलचक भागाकार यांवरचा भर कमी करा असे होते. कॅलिफोर्नियाने १९९२ च्या आराखड्यात तीच वाट धरली. पालक आणि विद्यापीठांतले गणिती खवळले, आणि १९९७ मध्ये त्याच राज्याने उलट दिशेची मानके स्वीकारली. १९९९ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने दहा अभ्यासक्रमांची शिफारस केली तेव्हा दोनशेहून अधिक गणिती आणि शास्त्रज्ञांनी शिक्षणमंत्री रिचर्ड रायली यांना वॉशिंग्टन पोस्टमधून जाहीर पत्र लिहून ती मागे घ्यायला सांगितले. या सगळ्याला इथे 'मॅथ वॉर्स' म्हणजे गणितयुद्ध असेच नाव पडले. कॅलिफोर्नियाच्या २०२३ च्या नव्या आराखड्यावरून ते पुन्हा पेटले होते.

या युद्धात आपली बाजू ठरवताना आपण काय पाहिले? मुलांच्या वह्या नाहीत. पलीकडे कोण उभे आहे ते पाहिले. पलीकडे 'बॅक टु बेसिक्स' म्हणणारे कॉन्झर्व्हेटिव्ह होते, म्हणून आपण अलीकडे. २००६ साली बुश यांनी राष्ट्रीय गणित सल्लागार मंडळ नेमले. त्याचा अहवाल २००८ मध्ये आला. बुश यांनी नेमलेले म्हणून मी तो उघडलासुद्धा नाही. बऱ्याच वर्षांनी वाचला तेव्हा ओशाळले. त्यात लिहिले होते की शिकवणे संपूर्ण विद्यार्थीकेंद्री असावे किंवा संपूर्ण शिक्षककेंद्री असावे, या दोन्ही सरसकट आग्रहांना संशोधनाचा आधार नाही. आणि संकल्पना समजणे, आकडेमोड सफाईने येणे आणि उदाहरण सोडवता येणे ही तिन्ही एकमेकांना बळ देतात, त्यांच्यात भांडण लावू नका. यात कॉन्झर्व्हेटिव्ह काय आहे?

डोक्यात जागा किती?

सध्या मी आठवड्यातून दोन संध्याकाळी गावच्या ग्रंथालयात मुलांना होमवर्कला मदत करते. गेल्या वर्षी पाचवीतली एक मुलगी यायची. हुशार, शांत. तिला पाऊण अधिक एक षष्ठांश हे उदाहरण होते. अपूर्णांक म्हणजे काय ते तिला उत्तम कळले होते. तिने आयत काढून त्याचे चार भाग केले, तीन रंगवले, दुसऱ्या आयताचे सहा केले. तुकडे सारख्या आकाराचे हवेत हेही तिने मला सांगितले. म्हणजे समज पुरेपूर होती.

मग ती ४ आणि ६ दोन्हींनी भाग जाणारी संख्या शोधायला लागली. चारचा पाढा येत नव्हता. तिने ठिपक्यांच्या ओळी काढायला सुरुवात केली. चार, चार, चार. मोजले. मग सहाच्या ओळी. मध्येच मोजणे चुकले, पुन्हा पहिल्यापासून. बारा सापडेपर्यंत आपण बारा कशासाठी शोधत होतो हे ती विसरून गेली होती. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "आय ॲम जस्ट नॉट अ मॅथ पर्सन."

मित्रहो, दहा वर्षांच्या मुलीचे हे वाक्य ऐकून मला माझ्या वर्गातली ती दोन मुले आठवली. त्यांना छडीने शाळेबाहेर काढले, हिला ठिपक्यांनी.

यामागचे कारण काही गूढ नाही. आपण एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरू शकतो. चार त्रिक बारा हे जिला आपोआप आठवते तिच्या मनात छेद समान करण्याच्या विचाराला जागा उरते. जिला ते दरवेळी नव्याने शोधावे लागते तिची सगळी जागा तिथेच खर्च होते. ऑस्ट्रेलियाचे मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी यावर दीर्घकाळ काम केले आहे. २००६ मध्ये त्यांनी पॉल किर्शनर आणि रिचर्ड क्लार्क यांच्यासह एक गाजलेला लेख लिहिला. नवशिक्याला किमान मार्गदर्शन देऊन सोडून देण्याची पद्धत चालत नाही, असे त्यात त्यांनी म्हटले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या बाजूच्या संशोधकांनी उत्तर दिले की आमच्या पद्धतीत भरपूर मार्गदर्शन असते, तुम्ही आम्हाला उगाच त्या रांगेत बसवता. म्हणजे भांडताना दोन्ही बाजू एका गोष्टीवर सहमत निघाल्या, की मार्गदर्शनावाचून भागत नाही! २०११ मध्ये १६४ अभ्यास एकत्र करून केलेले विश्लेषणही हेच सांगते. मदतीशिवायच्या शोधापेक्षा थेट शिकवणे बरे. पण शिक्षक सोबत आहे, मूल स्वतः स्पष्टीकरण देते आहे, त्याला चूक-बरोबर लगेच कळते आहे, अशा 'सोबतीच्या शोधा'चा निकाल इतर पद्धतींपेक्षा चांगला.

म्हणजे आपण ज्याच्यावर प्रेम केले ती कल्पना खोटी नव्हती. आपण तिचा अर्धाच भाग शाळेत आणला. उरलेला अर्धा शनिवारच्या क्लासला विकत मिळत होता, म्हणून आपल्याला तो कमी पडल्याचे जाणवलेच नाही.

तिकडची गोष्ट

आपल्यापैकी अनेकजण महाराष्ट्रातल्या शाळांना मदत करतात, म्हणून आता तिकडे वळते. भारतात २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावाद अधिकृत केला. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी तो वर्गात उतरवून दाखवला. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला तेव्हा राज्यभरातल्या शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याकडे धावू लागल्या.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी दोन जिल्हा परिषद शाळा पाहिल्या. नावे सांगत नाही. पहिल्या शाळेत फरशीवर सुंदर रंगवलेले तक्ते होते, भिंतीभर चित्रे होती, कोपऱ्यात गणितमाळा टांगलेल्या होत्या. आमच्यासारख्या परदेशी पाहुण्यांसाठी फोटो छान आले. मुले तक्त्यांभोवती बसली होती. मी एका मुलाला ५३ मधून २८ वजा करायला सांगितले. त्याने ३५ सांगितले. गणितमाळा काढून दे म्हटले तर गुरुजी म्हणाले, मणी तुटतात म्हणून रोज काढत नाही.

दुसऱ्या शाळेत भिंती साध्याच होत्या. पण तिथल्या बाई! त्यांच्या हातात शंभर मण्यांची माळ, दहा लाल, दहा पांढरे अशी. एका मुलीने २८ मण्यांवर चिमटा लावला, दुसऱ्याने ५३ वर. "मधे किती? मोजू नका, उड्या मारा." मुलगी तिसापर्यंत दोन, पन्नासपर्यंत वीस, मग तीन अशा उड्या मारत गेली. "पंचवीस." मग बाईंनी तीच उदाहरणाची मांडणी फळ्यावर केली, दशक सोडवून दाखवला, आणि विचारले, "माळेवर आणि फळ्यावर उत्तर एकच का आलं?" मुले भांडत भांडत सांगत होती. मग पाट्या निघाल्या आणि दहा मिनिटे सलग अशीच उदाहरणे. शेवटी सगळ्यांनी तालात सातचा पाढा म्हटला, टाळ्या वाजवत, हसत. मी बाईंना विचारले, "हे ज्ञानरचनावादात बसतं का?" त्या म्हणाल्या, "मॅडम, यांच्या घरी पाढे घेणारं कुणी नाही. मी नाही घेतले तर कोण घेणार?"

या एका वाक्यात माझा सगळा लेख आहे.

आपल्याकडे सराव हा नेहमीच घरचा वारसा राहिला आहे. संध्याकाळी दिवा लागला की परवचा आणि पाढे म्हणून घेणारी आजी ज्या घरांत होती, त्या घरांतली मुले शाळेत 'हुशार' ठरली. ज्या घरांत आईबाप शेतावरून किंवा वीटभट्टीवरून रात्री येत, तिथली मुले 'ढ' ठरली. शाळा दोघांना सारखेच शिकवत होती, पण घराघरांत फरक होता. आज शाळेने 'सराव जुनाट आहे' म्हणून तो सोडून दिला तर पहिल्या घरातल्या मुलाचे काही बिघडत नाही. त्याला आजी आहे, ट्यूशन आहे, शनिवार आहे. नुकसान फक्त दुसऱ्या घरातल्या मुलाचे होते. आपल्या मुलांना ट्यूशनला पाठवून इतरांच्या मुलांना 'मुक्त शोध' द्यायचा, ही समता नव्हे.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला निवेदन दिले तेव्हा बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणात काय असावे याची यादीच दिली होती. त्यात मोडी आणि बालबोध लिहिण्यावाचण्याबरोबर हिशेब होते, शेतीचे प्राथमिक ज्ञान होते. ज्याला हिशेब येत नाही त्याला कोण आणि कसे लुबाडते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. हिशेब येणे ही त्यांच्यासाठी मुक्तीची गोष्ट होती. आपल्याला मात्र ती कारकुनी वाटू लागली.

बाजारातले गणित

इथे एक आक्षेप येईल, आणि तो बिनतोड वाटतो. बाजारात भाजी विकणारी मुले कुणी न शिकवता हिशेब करतातच ना? मग सराव कशाला? गरज पडली की मूल शिकते.

२०२५ च्या फेब्रुवारीत 'नेचर' मध्ये एक अभ्यास आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचे हिशेब तपासले. भाव, वजन, सुटे पैसे यांचे अवघड हिशेब मुले मनातल्या मनात बिनचूक करत होती. तीच गणिते शाळेच्या मांडणीत कागदावर दिली की अडत होती. आणि जी मुले शाळेत जात होती पण बाजारात काम करत नव्हती, त्यांचे बरोबर उलटे. कागदावर बरे, बाजारात गडबड.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. बाजारातल्या मुलाने स्वतः रचलेले गणित खरे आणि सुंदर आहे, त्याला 'ढ' म्हणणारी शाळा आंधळी आहे. पण ते गणित आपोआप बीजगणितापर्यंत चालत जात नाही. मधला पूल कुणीतरी बांधावा लागतो. तो पूल म्हणजे शिक्षक. त्या बाईंनी माळ आणि फळा यांच्यात बांधला तसा.

पूल बांधता येतो याचाही पुरावा आपल्याच मातीतला आहे. प्रथम या संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यात बालसखी उपक्रम चालवला. वस्तीतलीच शिकलेली तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन अक्षर-अंकांपासून शिकवायची. २००१ ते २००३ मध्ये त्याची नीट चाचणी झाली, मुलांची प्रगती झाली आणि सर्वांत मागे असलेल्यांची सर्वांत जास्त झाली. तरीही प्रथमच्याच २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या दहा मुलांपैकी साधारण तिघांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. म्हणजे उपाय माहीत आहे, पण तो सगळ्यांपर्यंत पोचलेला नाही.

आणखी एक उदाहरण देते, कारण त्यात आपले बहुतेक मित्र हिरिरीने उतरले होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस बरोबर 'वीस एक' असे वाचन आले आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. मराठी बुडाली म्हणून इथूनही ईमेल फिरल्या. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या की मुलाला ५३ ऐकून आधी तीन लिहावेसे वाटते, कारण 'त्रेपन्न' मध्ये तीन आधी येतो. आपल्या अंकनावांतली ही अडचण खरी आहे. 'एकोणसाठ' म्हणायचे आणि पाचावर नऊ लिहायचे, हे सहा वर्षांच्या मुलाला सोपे नाही. घरी आजी असलेल्या मुलाला ते ऐकून ऐकून येते. ज्याच्या घरी वेगळी बोली आहे त्याला 'वीस एक' हा एक आधार आहे. आधार घेऊन मग एकवीसकडे जायचे. ज्ञानरचनावादाचा हा उत्तम उपयोग होता, आणि तिथे मात्र आपल्यातले अनेकजण परंपरेच्या बाजूने उभे राहिले! सराव टाकायचा तेव्हा आपण आधुनिक, आधार द्यायचा तेव्हा आपण परंपरावादी. दोन्ही वेळा मोडले ते एकाच मुलाचे.

मग करायचे काय?

माझे म्हणणे छडी परत आणा असे मुळीच नाही. भीतीने घेतलेला सराव मुलाला शाळेतून पळवतो, हे मी पाहिले आहे. घड्याळ लावून सर्वांसमोर पाढे विचारणे ही क्रूरता आहे. पण टाळ्या वाजवत म्हटलेला पाढा, जोडीदाराशी खेळलेले पत्ते, पाटीवरची रोजची दहा उदाहरणे यांत भीती कुठे आहे?

तीन गोष्टी आपण करू शकतो.

एक, सराव शाळेच्या वेळात आणि शाळेच्या खर्चाने झाला पाहिजे, ही मागणी पुरोगाम्यांनी करायची. इथल्या स्कूल बोर्डासमोरही आणि तिकडेही. आधी समज, मग रीत, मग रोज थोडा सराव, आणि पुन्हा समजेकडे. हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, क्लासवाल्यांचा माल नव्हे.

दोन, तिकडे शाळांना पैसे पाठवताना रंगवलेल्या भिंतींचे फोटो मागू नका. आठवड्यातून किती वेळा माळ हातात येते ते विचारा. ५३ वजा २८ किती मुलांना येते आणि ते का तसे येते हे किती मुलांना सांगता येते, ते विचारा. साहित्यापेक्षा शिक्षकांच्या प्रशिक्षणावर, वस्तीतल्या बालसखीसारख्या तरुणींच्या मानधनावर खर्च करा. त्याचा फोटो चांगला येत नाही, पण मुलाचा भागाकार येतो.

तीन, आणि हे सर्वांत अवघड. आपापल्या गावच्या शाळेत निकालांचे आलेख दाखवले जातील तेव्हा उठून उभे राहा आणि सांगा की माझे मूल शनिवारी क्लासला जाते. एवढेच. यात कुणावर आरोप नाही, कबुली आहे. खोलीतल्या निम्म्या लोकांनी ही कबुली दिली तर त्या आलेखाचा अर्थ बदलेल.

मी २००५ मध्ये ते केले नाही. त्या बाई पुढच्या सभेला दिसल्या नाहीत, आणि त्यांच्या मुलाचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. उठून एवढेच म्हणायचे होते की, "बाई, तुमच्या मुलात काही कमी नाही. त्याला रोज दहा मिनिटे कुणीतरी घेऊन बसायला हवे. ते शाळेने करायला हवे, आणि शाळा करत नाही तोवर मी करीन." मला तेव्हा वेळही होता आणि ४७ अधिक ३८ दोन्ही रीतींनी येत होते.

आता ग्रंथालयात त्या शांत मुलीबरोबर मी ते करते आहे. आम्ही ठिपक्यांच्या ओळींनीच सुरुवात केली, कारण त्या तिच्या होत्या. मग त्या ओळी मोठ्याने मोजल्या, मग न बघता. सहाच्या पाढ्यापर्यंत आलो आहोत. 'मॅथ पर्सन'चा विषय अजून पुन्हा निघालेला नाही.

आपल्या भागातल्या शाळांचे अनुभव जरूर कळवा. विशेषतः न पटलेल्यांनी.

आपली,
न्यू जर्सीहून एक आई